खंजिरीवरचे बंड

१९४२च्या ऑगस्टच्या अखेरीस इंग्रज सरकारने चांद्यात ज्या माणसाला अटक केली, त्याच्याजवळ ना पिस्तूल होते, ना गुप्त पत्रके. तेहतीस वर्षांचा, हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजने म्हणणारा हा माणूस. त्याला आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले, आणि डिसेंबरमध्ये सोडले. भजनाला भिऊन तुरुंग दाखवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांविषयी मला एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. त्यांनी तुकडोजी महाराजांची कविता नीट ऐकली होती. तिच्यात काय ताकद आहे, हे त्यांना समजले होते. आपल्याकडे मात्र महाराजांचे फोटो लागले, पुतळे उभे राहिले, २००५मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले; कवी म्हणून त्यांचे वाचन व्हायचे ते राहूनच गेले. मराठी कवितेच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली ती संतांच्या परंपरेचे शेपूट म्हणून. मला ते अन्यायाचे वाटते, आणि म्हणून या लेखात मी त्यांच्याकडे बंडाचा कवी म्हणून पाहणार आहे.

जन्म ३० एप्रिल १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई, मुलाचे नाव माणिक. घरात गरिबी. शाळा थोडीशीच झाली. मुलाचे मन भजनात आणि रानावनात. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी हा मुलगा बसू लागला. तिथली कथा वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे: माणिक तुकोबांचा अभंग म्हणत असताना शेवटच्या नाममुद्रेपाशी गुरूंनी त्याला थांबवले आणि स्वतःची मुद्रा घालायला सांगितले, आणि तीही ‘तुकड्या’ अशी. कथेतले खरे-खोटे बाजूला ठेवले तरी तिच्यात एक मोठी परवानगी आहे. दुसऱ्याचे गाणारा मुलगा त्या क्षणी स्वतःचे रचायला मोकळा झाला. पुढे रामटेक, सालबर्डी, गोंदोडा अशा रानांत तो वर्षानुवर्षे फिरला. १९३५मध्ये अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरीला त्याने गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६मध्ये गांधीजींनी बोलावून घेतले आणि काही दिवस ठेवून घेऊन भजने ऐकली. ‘राष्ट्रसंत’ ही पदवी पुढे राजेंद्र प्रसादांकडून आली. ही हकीकत इतक्यावरच सोडतो. चरित्रे पुष्कळ आहेत.

त्या भजनांच्या मागे वऱ्हाडची जी जमीन होती, तिच्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. १९३०च्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडपुढे सरळ प्रश्न होता: समुद्र कुठून आणायचा? उत्तर अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याने दिले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा; इथल्या विहिरींचे पाणी इतके खारे की बायकांनी पिढ्यानपिढ्या त्या पाण्याला शिव्या दिल्या. सत्याग्रहींनी तेच पाणी कढईत आटवले आणि कायदा मोडला. पुढे जुलैत पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. एकीकडे खारे पाणी, दुसरीकडे गवत. गावाजवळ जे होते, अगदी नकोसे असले तरी, तेच त्या वर्षी हत्यार झाले. ही कृती मला तुकडोजींच्या कवितेची गुरुकिल्ली वाटते. बारा वर्षांनी त्यांनी भजनात जे केले ते वऱ्हाडच्या लोकांनी आधी हाताने केलेले होते.

अमरावतीत त्या आधीपासून आणखी एक बंडखोर लेखणी चालू होती. वीर वामनराव जोशी, पत्रकार, नाटककार, इंग्रजांच्या तुरुंगाची वाट सवयीची झालेला माणूस. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले आणि १९२७च्या ‘रणदुंदुभी’ची पदे मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. पारतंत्र्याच्या फासाचे दुःख, स्वातंत्र्याचा सूर्य, माणसांची नाना वेडे आणि त्यांतच देशाचे वेड, हे वामनरावांचे विषय. त्या पदांची भाषा संस्कृतप्रचुर, बांधीव. तिला संगीतकार वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांची झेपावणारी तान हवी असते. त्या गायकीशिवाय ती पदे अर्धी राहतात. नाट्यगृहात तिकीट काढून बसलेल्या मध्यमवर्गाला त्यांनी पेटवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण यावली-बेनोड्याच्या शेतमजुराला ‘रणदुंदुभी’चा प्रयोग कुठे दिसणार होता? वऱ्हाडातली बंडाची कविता अशी दोन वाटांनी चालली. एक वाट रंगमंचावरून गेली आणि दुसरी पारावरून. दुसरीचा कवी तुकडोजी.

अशा कवींची आठवण निघाली की माझे मन आयर्लंडकडे जाते, आणि ते उगाच नाही. लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली ती २८ एप्रिल १९१६ला. त्याच आठवड्यात डब्लिन शहरात ईस्टरचा उठाव पेटलेला होता. ‘होमरूल’ हे नावच आपण आयरिश लोकांकडून घेतलेले. त्या उठावाचा पुढारी पॅट्रिक पिअर्स हा शिक्षक आणि कवी होता. १९०८मध्ये त्याने डब्लिनला स्वतःची शाळा काढली, इंग्रजीने झाकून टाकलेल्या आयरिश भाषेत लिहिले, २४ एप्रिल १९१६ला पोस्टाच्या इमारतीपुढे प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला आणि ३ मे रोजी गोळ्या झेलल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावालाही गोळ्या घातल्या. दोन मुलगे गमावणाऱ्या आईच्या तोंडी घातलेली त्याची कविता याआधीच लिहून झाली होती. ही कविता मोठी आहे आणि मला ती हलवून टाकते. तिच्या केंद्रस्थानी कवीचे स्वतःचे मरण आहे. त्याचे रक्त सांडेल आणि त्यातून राष्ट्र उठेल. बंडखोराच्या तोंडची त्याची दुसरी कविता मालकांना बजावते की ही माणसे उद्या येतील आणि आपले घेतील. तिथेही बोलतो तो ‘मी’, लोकांच्या वतीने.

तुकडोजींच्या बंडाच्या भजनात हा ‘मी’ शोधून सापडत नाही. नाममुद्रा तेवढी शेवटी येते, ती वारकरी रिवाजाप्रमाणे, सही म्हणून. बेचाळीसच्या दिवसांत ज्या भजनाने चिमूर-आष्टीकडची माणसे पेटली आणि जे आजही महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे, ते हिंदीत आहे. त्यात शस्त्रांची यादी आहे, पण एकही शस्त्र कारखान्यातले नाही. रानातली झाडे आहेत, वाटेवरचे दगड आहेत, देवळात जमणारी भक्तमंडळी आहे. या सगळ्यांचे काय काय होणार, एवढेच भजन सांगते. कुठे हुकूम नाही, कुठे ‘उठा, मारा’ नाही. नुसता भविष्यकाळ आहे, आणि तो शंकेचा भविष्यकाळ नाही. पाऊस येणार म्हणून शेतकरी ज्या खात्रीने बोलतो त्या खात्रीचा आहे. इंग्रजांचा कायदा चिथावणीचे शब्द शोधतो. इथे चिथावणीचा एकही शब्द धड हाती लागत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र गावातले प्रत्येक झाड वेगळे दिसू लागते.

या भजनात आणखी एक जागा आहे जिच्यावरून घाईने पुढे जाता येत नाही. झाडादगडांचे बोलून झाल्यावर कवी नावेकडे वळतो, ती काठाला लागणार असे म्हणतो. नाव, पैलतीर, तारणारा हात ही भक्तिकवितेतली जुनी जमीन. भवसागराच्या नावेत वऱ्हाडातली प्रत्येक आजी लहानपणापासून बसलेली होती. दगडांच्या स्फोटानंतर लगेच ती नाव आली की आजीला काहीही नवे शिकावे लागत नाही. तिच्याच ओळखीच्या नावेत आता देश बसलेला असतो. धर्माचा उपयोग राजकारणासाठी केला असे काहींना यात दिसेल. मला तसे वाटत नाही. तुकडोजींच्या मनात ते दोन काठ वेगळे नव्हते, म्हणून ते वाक्य इतके सहज येते. नुसती युक्ती असती तर तिचा जोड कुठेतरी दिसला असता.

हिंदी का, असाही प्रश्न येतो. त्या काळी आपण ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या एका प्रांतात होतो, राजधानी नागपूर, आणि लोकांच्या बोलण्यात मराठी-हिंदी दोन्ही. चांदा जिल्ह्यात गोंडी बोलणारी माणसे, छत्तीसगडकडची, उत्तरेकडून आलेली. नागपुरी बाजारात बोलली जाते तशी सोपी हिंदी या सगळ्यांना कळायची. महाराजांची हिंदी तीच आहे, व्याकरणाच्या पंडिताला ती खटकेल. तिच्यात मराठी कान आहे, वाक्ये आखूड आहेत, क्रियापद शेवटी ठामपणे पडते आणि त्याच ठिकाणी खंजिरीवर थाप येते. खंजिरी म्हणजे एका बाजूने चामडे मढवलेले लाकडी कडे, कडेला झांजेच्या चकत्या. एका हातात मावते, चालता चालता वाजते, तिला साथीदार लागत नाही. सभेला परवानगी नसेल तर तिथून उठून पुढच्या पारावर जाता येते. ही कविता आणि हे वाद्य एकमेकांसाठीच घडलेले आहेत. धृपद समुदायाने उचलायचे असते, म्हणून ते मुद्दामच उघडे, सोपे ठेवलेले. छापील पानावर ते पुनरुक्त वाटते, आणि आपल्या समीक्षेची नजर नेमकी तिथेच फसली. पाचशे माणसांनी तेच वाक्य परत म्हटले की ते वाक्य तेच राहत नाही. पहिल्यांदा ते महाराजांचे असते, दुसऱ्यांदा गावाचे.

चिमूर आणि आष्टी ही गावे वऱ्हाडबाहेरची, वर्धा नदीपलीकडची. पण वऱ्हाडातले बेनोडा आणि खुद्द महाराजांचे जन्मगाव यावली यांच्याही नावापुढे आज ‘शहीद’ लागते, ते त्याच ऑगस्टमुळे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. त्या दिवशी चिमुरात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण पडला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. मग लष्कर आले आणि चिमूरच्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. उठावाच्या आधीच्या दिवसांत चिमुरात महाराजांची भजने झाली होती. कवितेचे रसग्रहण करताना हे विसरता येत नाही, विसरू नये. झाडे शस्त्रे होतील असे म्हणणाऱ्या शब्दांमागून खरोखरच माणसे मेली, दोन्ही बाजूंची. गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या कवीला हे ओझे किती जाणवले असेल, याचा अंदाज त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून येतो. तुरुंगातून आल्यावर त्यांनी पुन्हा खंजिरी धरली, पण गीतातला शत्रू बदलला. अस्वच्छता, व्यसन, जातीचा अहंकार, सावकारी, आळस. आणि लिहायला घेतले ते काही हजार ओव्यांचे एक काम.

तिकडे वळण्याआधी त्यांची झोपडीवरची मराठी कविता. शाळेच्या पुस्तकातून ती अनेक पिढ्यांनी म्हटली, आणि पाठ केलेल्या कवितांचे व्हायचे तेच तिचे झाले; तिच्याकडे कुणी पुन्हा पाहिले नाही. तिची रचना बघा. बऱ्याच कडव्यांत महालातली एकेक वस्तू येते: पहारेकरी, तिजोरी, मऊ अंथरूण, दिवे. प्रत्येक वस्तूशेजारी झोपडीतले काहीतरी ठेवले जाते, आणि बहुतेक वेळा ते ‘काहीतरी’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा अभावच असतो. दाराला बांधायला दोरीसुद्धा नाही. पण तिजोरी आणि पहारा असूनही चोरी होते ती महालात. गरिबीचे गोडवे गाणाऱ्या कविता मराठीत ढीगभर आहेत आणि मला त्या आवडत नाहीत, कारण त्या गरिबाला गप्प बसवतात. ही कविता गप्प बसवत नाही. तिच्यातला झोपडीचा मालक दारात उभा राहून बोलतो, ज्याला यायचे त्याने यावे, जायचे त्याने जावे, असे मोकळेपणाने सांगतो. शेवटी तर तो इंद्रालाच खाली बघायला लावतो. हा आवाज मालकाचा आहे, याचकाचा नाही. पारतंत्र्यातल्या खेड्याला तो आवाज देणे हेही बंडच होते.

आणि तिची बांधणी. कडव्यात तीन चरण एका यमकावर धावतात, चौथा चरण म्हणजे सगळ्या कडव्यांत परत येणारे झोपडीचे धृपद. तीन यमके आणि चौथा मोकळा: हा तर ओवीचा सांगाडा! जात्यावरच्या ओवीचा, ज्ञानेश्वरांच्या ओवीचा. ज्या कानांनी पहाटेच्या जात्याबरोबर ही लय ऐकली, त्या कानांत कविता आपोआप रुजते. महाराजांनी हे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. रामटेक-सालबर्डीच्या रानात जे गुणगुणत राहिले असेल त्यातूनच हे आले असणार. पण म्हणूनच १९५५मध्ये ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिची ओवी कुठून उसनी आणल्यासारखी वाटत नाही.

एक्केचाळीस अध्याय, चार हजार सहाशे पंच्याहत्तर ओव्या. ग्रंथ अर्पण केला आहे गावालाच, ग्रामदैवत समजून. अध्यायांची नावे वाचली तरी नवल वाटते: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, महिलोन्नती. परमार्थाच्या ग्रंथात संडास, खताचे खड्डे, गुरांची जात, लग्नातला खर्च असे विषय ओवीबद्ध होतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर ग्रंथ सगळीकडे सारखा रसाळ नाही. कित्येक ठिकाणी ओवी नुसती सूचना देते आणि चरणाच्या शेवटी यमक धापा टाकत येते. पण श्रोता शंका काढतो आणि कवी तिला भिडतो, तिथे तो पुन्हा जिवंत होतो. बाहेरून कुणी येऊन आपले भले करील या आशेवर बसलेल्या गावाला तो ज्या कळकळीने खडसावतो, त्यात बेचाळीसची खंजिरी स्पष्ट ऐकू येते. भजनातले झाड आणि दगड तेव्हा शस्त्र होणार होते. इथे तीच माती, तेच हात, तेच शेण गावाची संपत्ती होणार आहे. व्याकरणही तेच, ठाम भविष्यकाळाचे. ‘भूवैकुंठ’ या अध्यायापर्यंत हा भविष्यकाळ इतका पुढे जातो की वैकुंठच खाली गावात उतरते. बंडाची कविता आणि उभारणीची कविता अशी वेगवेगळी कपाटे करून महाराजांना वाचणारा माणूस दोन्हींकडे अर्धेच वाचतो, असे माझे ठाम मत झाले आहे. पिअर्सला उठावानंतरचे आयुष्य मिळाले नाही. तो स्वतंत्र देशाची रोजची कविता लिहू शकला असता का, हे कुणालाच कळणार नाही. तुकडोजींना १९६८च्या ऑक्टोबरपर्यंतची सव्वीस वर्षे मिळाली आणि त्यांनी ती उभारणीच्या कवितेकडे लावली.

‘भजनप्रभाव’ नावाचा एक अध्यायही ग्रामगीतेत आहे. कवीने आपल्याच कलेबद्दल लिहिले म्हणून मी तो पुन्हा पुन्हा वाचतो. भजन गावाला जागे करत नसेल तर त्याचा उपयोग काय, हा त्यातला प्रश्न. तोच प्रश्न घेऊन अकोला जिल्ह्यातल्या अकोटचे कीर्तनकार सत्यपाल महाराज आज सात खंजिऱ्या मांडून वाजवतात आणि हुंडा, व्यसन, बुवाबाजी यांवर रात्र-रात्र बोलतात, तेव्हा हजारो माणसे मैदानात बसून हसतात आणि मध्येच एकदम गंभीर होतात. त्या कार्यक्रमाला साहित्याची माणसे फार दिसत नाहीत. ज्यांना तुकडोजींच्या कवितेवर लिहायचे आहे त्यांनी आधी तिथे जाऊन बसावे, धृपद समुदायाकडे जाते आणि परत येते त्या क्षणाकडे कान द्यावा, आणि मग घरी येऊन ग्रामगीता काढावी. ती शांतपणे, एकट्याने वाचायचा ग्रंथ नव्हेच. मोठ्याने, चार जणांत म्हणायचा आहे. अभ्यासक्रमात तिचा वेचा लावायचा असेल तर तो म्हणण्याचा तासही लावावा लागेल.